जिप्सीच्या इंजिनातली ठकठक : बेळगावातल्या कामाच्या नोंदी

गाडी मारुती जिप्सी किंग, १९९८ची, कारबोरेटरची. इंजिन जी१३बीए : १२९८ सीसी, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह, टायमिंग बेल्टचं. चंदगडकडच्या एका काजूवाल्या शेतकऱ्याकडून घेतलेली. इंजिन मूळचंच आहे आणि ते मूळचंच राहावं ही माझी पहिल्यापासूनची इच्छा, म्हणून ‘दुसरं इंजिन टाका’ हा सल्ला या नोंदींत कुठेच विचारात घेतलेला नाही.

२५ ऑक्टोबर २०२३

आवाजाचं वर्णन आधी नीट लिहून ठेवतो, कारण पुढे तेच उपयोगी पडलं. इंजिन गार असताना जवळजवळ नाही. गरम झालं की स्लोवर (गाडी उभी, पाय ॲक्सिलरेटरवर नसताना) ठक-ठक-ठक, जड, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखी. थोडी रेस दिली की विरते. ॲक्सिलरेटर सोडला की क्षणभर खडखडते आणि पुन्हा ठकठक सुरू. वंटमुरीच्या चढाला तिसऱ्यात ओढताना काहीच ऐकू येत नाही, पण गाडीत पूर्वीची ओढ राहिलेली नाही.

शहरातल्या एका गॅरेजात दाखवली. बॉनेट उघडून ऐकलं आणि निदान सांगितलं : कनेक्टिंग गेलं, म्हणजे पिस्टनला क्रँकशी (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी) जोडणाऱ्या दांड्याचं बेअरिंग झिजलं. इंजिन उतरवायचं, क्रँक ग्राइंड, बेअरिंग, रिंगा, पॅकिंग सेट, मजुरी धरून ४८ हजार. दुसरीकडे सांगितलं टॅपेट, म्हणजे वरच्या व्हॉल्व्हची फट वाढली. तिसरीकडे, ‘जुनी गाडी आहे, आवाज करणारच.’

४८ हजारांना हो म्हणण्याआधी फुकटात किंवा थोडक्यात होणाऱ्या तपासण्या सगळ्या करायच्या, असं ठरवलं.

२९ ऑक्टोबर

जाड ऑइल घालून बघा, असं दोघांनी सुचवलं होतं. जुनं काढून २०डब्ल्यू-५० भरलं, फिल्टर बदलला. १,४०० रुपये.

आवाजात फरक शून्य. पण काढलेलं ऑइल फुकट गेलं नाही. ते पांढऱ्या थाळीत ओतून उन्हात धरलं, फिल्टर करवतीने कापून कागद उलगडला, चेंबरच्या (खालच्या ऑइलच्या टाकीच्या) बुचावरून लोहचुंबक फिरवला. बिगएंडचं, म्हणजे कनेक्टिंगच्या क्रँककडच्या टोकाचं, बेअरिंग झिजत असेल तर ऑइलमध्ये चमचमणारी बारीक कणी दिसते. इथे काळं ऑइल, तळाला थोडा गाळ, चमक नाही. ‘कनेक्टिंग’बद्दल पहिली शंका इथे आली.

१ नोव्हेंबर

काळ्या दिनामुळे (सीमाभागातल्या मराठी लोकांचा निषेध दिन) आमच्याकडची दुकानं बंद. टॅपेट कव्हरचं पॅकिंग आदल्या दिवशी आणून ठेवलं होतं, त्यामुळे घरी काम झालं. इंजिन रात्रभर गार झालेलं असताना फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून आठही टॅपेट तपासले. दोन ढिले होते, तीन नंबरचा एक्झॉस्ट तर चांगलाच ढिला. सगळे मॅन्युअलच्या मापावर आणले.

वरून येणारी बारीक टिकटिक गेली. खालची ठकठक तशीच, उलट आता जास्त स्पष्ट. म्हणजे दोन आवाज एकात एक मिसळलेले होते. टॅपेट म्हणणारा गॅरेजवाला अर्धा बरोबर होता.

पॅकिंग २२० रुपये. जुन्यावर भागवू नका, ऑइल गळून मॅनिफोल्डवर जळतं आणि त्याचा वास वेगळ्याच शोधाला लावतो.

५ नोव्हेंबर

रविवार. भाचा मदतीला आला. तो जीआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला आहे, कॉलेज उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतच, त्यामुळे पुढे त्याच्या ओळखीही कामाला आल्या.

पहिलं, फॅनबेल्ट काढून इंजिन चालू केलं. जिप्सीत पंखा वॉटर पंपावरच असतो, म्हणजे या एका पट्ट्यावर अल्टरनेटर, पंप आणि पंखा तिन्ही. यांतल्या कुणाचं बेअरिंग वाजत असेल तर पट्टा काढल्यावर आवाज थांबला पाहिजे. थांबला नाही. उलट वाढला. भाचा म्हणाला, “मामा, हे उलटंच झालं की.” त्याचा अर्थ त्या दिवशी लागला नाही, पण वहीत लिहून ठेवला. पट्ट्याशिवाय इंजिन मिनिटभरापेक्षा जास्त चालवू नये, पाणी फिरत नाही.

दुसरं, सिलिंडर एकेक करून बंद करून पाहिले. प्लगची वायर काढून ती इंजिनाच्या लोखंडाला टेकवून धरायची. नुसती हवेत लोंबकळत ठेवली तर कॉइलला धोका. कनेक्टिंग वाजत असेल तर त्या सिलिंडरची ठिणगी बंद केल्यावर पिस्टनवरचा दाब जातो आणि आवाज मवाळ होतो. एक, दोन, तीन, चार, चारही करून झाले. इंजिन अडखळलं, ठकठक मात्र कुणावरच कमी झाली नाही. कनेक्टिंगबद्दलची शंका इथे पक्की झाली.

तिसरं, ऐकणं. लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाच्या हाडाला टेकवून टोक जागोजागी लावलं. चेंबरवर जोरात. ब्लॉकच्या मधोमध जोरात. पुढे टायमिंग कव्हराच्या कडेला, ऑइल पंपाच्या बॉडीवर सगळ्यांत जोरात, पण फरक इतका थोडा की शपथेवर सांगता येणार नाही. क्रँकवर बसलेला कुठलाही आवाज अख्ख्या ब्लॉकमधून पसरतो. नुसत्या कानाने ‘खालून येतोय’ एवढंच कळतं. बॉनेट उघडून दोन मिनिटांत ४८ हजारांचं निदान करता येत नाही ते यामुळेच.

८ नोव्हेंबर

ऑइल प्रेशर. ब्लॉकवरचा प्रेशर स्विच काढून त्या जागी गेज लावायला अडॅप्टर लागतो. उद्यमबागेत एका टर्नरने पितळेचा करून दिला, ३५० रुपये. गेज भाच्याच्या कॉलेजमधल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमधून.

इंजिन पूर्ण गरम, ३००० आरपीएमला साडेतीन किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) आसपास. स्लोवरही काटा एकच्या वर. बेअरिंग एवढी खडखडण्याइतकी झिजली असती तर गरम ऑइलवर स्लोचा काटा असा राहिलाच नसता.

चेंबर उघडायचा नाही, असं आज ठरलं. उघडला असता तर जिप्सीत पुढचा डिफरन्शिअल आडवा येतो, मजुरीच वाढत गेली असती.

यानंतर दिवाळी. उद्यमबागेतली वर्कशॉपं बंद, कामगार गावी. आठवडाभर गाडी झाकून ठेवली.

१९ नोव्हेंबर

एसटीने निपाणीला. तिथे एक जुने मिस्त्रीकाका आहेत, ॲम्बॅसेडर आणि फियाटवर आयुष्य गेलेले. आता गॅरेज मुलगा बघतो. त्यांना वहीतल्या नोंदी वाचून दाखवल्या. ‘पट्टा काढल्यावर आवाज वाढला’ या ओळीवर ते थांबले.

“वाढला? मग ज्याच्यावर पट्टा चढतोय त्येच ढिलं असंल बघा. पट्ट्याच्या ताणानं ते एका अंगाला दाबून ऱ्हातंय. ताण गेला की नाचतंय.”

म्हणजे क्रँकची पुली. त्यांनी फडताळातून त्यांचा टायमिंग लाइट (ठिणगीच्या क्षणी लुकलुकणारा दिवा, फिरती खूण त्यात थांबल्यासारखी दिसते) काढून दिला. आता गॅरेजात सगळीकडे स्कॅनर असतात, पण १९९८च्या कारबोरेटरच्या गाडीला स्कॅनर लावायला जागाच नाही, आणि टायमिंग लाइट बेळगावात मला कुणाकडे मिळाला नव्हता.

२० नोव्हेंबर

सगळा शोध आज संध्याकाळी लागला, म्हणून सविस्तर.

जिप्सीची टायमिंगची खूण पुलीवर नसून फ्लायव्हीलवर (क्रँकच्या मागच्या टोकावरच्या जड चाकावर) असते. बेल हाउसिंगवर एक रबरी बूच आहे, ते काढलं की खिडकीतून फ्लायव्हीलची कड दिसते. प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर मात्र व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टच्या मागच्या टोकावर. हा फरक फार महत्त्वाचा. फ्लायव्हील क्रँकला घट्ट, ठिणगी कॅमवरून, आणि क्रँक ते कॅम हा निरोप पुढच्या टोकाच्या टायमिंग गिअरमधून आणि बेल्टमधून जातो. या वाटेत काहीही ढिलं असेल तर ठिणगी आणि फ्लायव्हील यांचा मेळ सुटतो आणि लाइटमध्ये खूण हलताना दिसते.

खुणेवर खडूने पांढरी रेघ ओढली, लाइटची क्लिप एक नंबरच्या वायरवर लावली, अंधार पडल्यावर इंजिन चालू केलं. गार असताना रेघ जवळजवळ स्थिर. पाच-सात मिनिटांनी ठकठक सुरू झाली आणि रेघ चळू लागली. पुढे-मागे, पुढे-मागे, मध्येच एकदम उशिराच्या बाजूला उडी. थोडी रेस दिली की उशिराच्या बाजूलाच जाऊन थांबते, आणि आवाजही थांबतो. ओढ का गेली होती त्याचं उत्तरही याच खिडकीत होतं : ठिणगी उशिरा, व्हॉल्व्हही उशिरा.

डिस्ट्रिब्युटरची बुश झिजली तरी खूण हलते, म्हणून ती शक्यता आधी बाद केली. कॅप काढून रोटरचा दांडा आडवा हलवला, खेळ नाही. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड, म्हणजे क्रँक जागेवर बांधली गेली. फॅनबेल्ट ढिला केला, दोन्ही हातांनी क्रँकची पुली धरून डावी-उजवी फिरवली.

टक. टक.

मधला बोल्ट जागेवर स्थिर दिसतोय आणि त्याच्याभोवती पुली किंचित फिरतेय. भाच्याने बोल्टच्या डोक्यावरून पुलीपर्यंत मार्करने एक रेघ मारली. पुली हलवली की रेघ तुटायची, सोडली की जुळायची. हीच ती ठकठक, हातात धरून ऐकलेली.

२६ नोव्हेंबर

उघडलं. ओळखीचा एक मेकॅनिक दिवसभरासाठी आला. रेडिएटर काढला (पंख्याचं आवरण वाकवत बसण्यापेक्षा रेडिएटर काढणं सोपं), पंखा, पुल्या, टायमिंग कव्हर, बेल्ट. क्रँकच्या मधल्या बोल्टला लांब पाईप लावावा लागेल असं धरून चाललो होतो. साध्या रिंग पान्याला तो आला.

टायमिंग गिअर ओढून काढला तेव्हा क्रँकच्या नाकावर (पुढच्या टोकावर) तांबडी बारीक पूड होती, बोटाला कुंकवासारखी लागणारी. दोन लोखंडी भाग एकमेकांवर सतत सूक्ष्म घासत राहिले की अशी पूड होते. गिअर आणि क्रँकच्या खाचांत बसणाऱ्या लोखंडी चावीला एका कडेने पायरी पडलेली. गिअरची खाच रुंदावलेली. आणि जे व्हायला नको होतं तेही झालेलं : क्रँकमधली चावीची खाच एका बाजूने खाल्लेली. व्हर्नियरने मोजली, अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी.

हे का होतं तेवढं सांगतो. ही चावी गिअर योग्य जागी बसवण्यापुरती असते. ताकद पेलायची ती मधल्या बोल्टच्या आवळणीने. बोल्ट गिअरला क्रँकवर इतका दाबून धरतो की चावीवर भार येतच नाही. आवळणी कमी पडली की प्रत्येक फेऱ्यातला हिसका चावीवर येतो, चावी खाचेची कड खाते, खेळ वाढतो, बोल्ट आणखी ढिला होतो. आधीच्या मालकाने टायमिंग बेल्ट बदलून घेतला होता. त्या कामात हा बोल्ट सोडून नंतर ठरलेल्या जोरावर टिक वाजवणाऱ्या टॉर्क पान्याशिवाय आवळला गेला असावा. बेल्ट नवीन आणि बोल्ट हाताला सुटणारा, यावरून दुसरं काही निघत नाही. जी१३ इंजिनाच्या जिप्सी जगात जिथे जिथे चालतात तिथे हे दुखणं माहीत आहे, आपल्याकडे मात्र ते बहुतेक वेळा ‘कनेक्टिंग’ म्हणून खपतं.

२८ नोव्हेंबर

तीन वाटा होत्या. क्रँक काढून खाच वेल्डिंगने भरून नव्याने पाडायची : इंजिन पूर्ण उतरवणं आलं, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने नाक वाकण्याची भीती. जुन्या बाजारातली क्रँक : तिची खाच कुणी बघितली आहे? तिसरी, क्रँक जागेवरच ठेवून पायरीची चावी करून घ्यायची, म्हणजे खालचा भाग रुंदावलेल्या खाचेच्या मापाचा आणि वरचा नव्या गिअरच्या मापाचा, आणि उरलेली फट धातू धरून ठेवणाऱ्या लॉकटाइट ६६०ने भरायची. ते अर्ध्या मिलिमीटरपर्यंतची फट भरतं. माझी झीज त्याच्या आत बसत होती, म्हणून तिसरी वाट. झीज याहून जास्त असेल तर ही वाट धरू नये.

उद्यमबागेत मिलिंगवाल्या मामांना माप दिलं. पहिली चावी उंचीला जास्त झाली. गिअर शेवटचा थोडा भाग आत जाईना. मेकॅनिक हातोडी घेऊन पुढे झाला, त्याला थांबवलं. गिअर पूर्ण टेकला नाही तर बोल्टची आवळणी चावीच्या माथ्यावर जाते आणि आपण पुन्हा तिथेच. चावीला शाई लावून बसवली, कुठे घासते ते पाहिलं, दुसऱ्या दिवशी मामांनी ती ग्राइंडरवर उतरवून दिली. दोन्ही मिळून ७०० रुपये, आणि दुसऱ्या वेळचे घ्यायला ते तयार नव्हते. मी दिले.

२ डिसेंबर

क्रम चुकवू नका, म्हणून क्रमाने.

पुढचं ऑइल सील आधी बदललं. ते गिअरच्या मागे बसतं. लॉकटाइट लावल्यावर गिअर काढायचा तर तापवावा लागणार आणि त्या उष्णतेत सील जळणार, म्हणजे जुनं सील ठेवण्यात काही अर्थ नाही.

क्रँकचं नाक, खाच, नवा गिअर, चावी सगळं ऑइल जाईपर्यंत पुसलं. फडकं पांढरं येईपर्यंत. जिथे ऑइलचा अंश राहील तिथे लॉकटाइट धरणार नाही. नव्या सीलच्या ओठाला मात्र लॉकटाइट लागू द्यायचं नाही, तिथे ऑइलचाच पातळ हात.

फ्लायव्हील धरण्यासाठी स्टार्टर काढून त्या भोकातून पट्टीचा तुकडा दात्यांत अडकवला. गिअर-हँडब्रेकवर भिस्त ठेवली तर क्लच आणि रबरी बुश दबतात आणि टॉर्क पान्याची टिक खोटी लागते. नवा बोल्ट, टॉर्क पाना, मॅन्युअलमधला आकडा. आकडा आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमधलाच घ्या, दुसऱ्या जिप्सीवाल्याच्या तोंडचा नको.

मग थांबलो. सकाळी सध्या चांगलीच थंडी असते आणि थंडीत लॉकटाइट हळू धरतं, म्हणून एक दिवसाऐवजी दोन रात्री सोडलं. मेकॅनिकला घाई होती, पण या एका कामात घाईचा उपयोग नाही.

४ डिसेंबर

कॅमची खूण वर, क्रँक गिअरची खूण ऑइल पंपावरच्या बाणाशी, नवा बेल्ट, टेन्शनर. क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून दोन्ही खुणा पुन्हा जुळतात का पाहिलं. जुळल्या. रेडिएटर, पाणी, पट्टा. संध्याकाळी चालू केली.

गरम होईपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही. पंखा फिरतोय, काटा मध्यावर, आणि ठकठक नाही. टायमिंग लाइट लावला. पांढरी रेघ एका जागी गोठलेली. टायमिंग नव्याने लावावं लागलं, कारण आधी कुणीतरी हलणाऱ्या खुणेवर डिस्ट्रिब्युटर फिरवून भरपाई केलेली होती.

१० डिसेंबर

कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन चालू असल्यामुळे सुवर्णसौधाकडचा (तिथल्या विधिमंडळ इमारतीकडचा) हायवे टाळला. पिरनवाडी, कुसमळीचा पूल, जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्यापर्यंत आणि परत. जांबोटीपुढे रस्ता खराब होता, पण परीक्षेला तोच हवा होता : सारखं ॲक्सिलरेटर सोडा, पुन्हा द्या. आवाज नाही. कणकुंबीच्या अलीकडच्या चढाला पूर्वी दुसरा टाकावा लागायचा, या वेळी तिसऱ्यात गेली. परत आल्यावर रेडिएटरच्या खालच्या नळीला थेंब दिसला, क्लिप बदलली, एवढंच.

सकाळी गार असताना पहिली दोन मिनिटं पिस्टनची हलकी खळखळ अजून आहे. गरम झाल्यावर जाते. २५ वर्षांच्या इंजिनाला ती चालते, तिला हात लावणार नाही.

२४ डिसेंबर

बोल्टच्या डोक्यावरून पुलीवर ओढलेली रंगाची रेघ सलग आहे. खिडकीतली खूणही जागेवर.

खर्च : टॅपेट पॅकिंग २२०, अडॅप्टर ३५०, टायमिंग बेल्ट ७८०, ऑइल सील १६०, क्रँक गिअर १,१५०, बोल्ट १४०, चावी ७००, लॉकटाइट १,८५०, कूलंट ४५०, मजुरी २,५००. एकूण ८,३००. जाड ऑइलचे १,४०० धरले तर ९,७००. सगळ्यांत जास्त वेळ गेला तो दिवाळीत आणि टायमिंग लाइट शोधण्यात.

लाइट परत द्यायला निपाणीला गेलो तर मिस्त्रीकाकांकडे चिकोडीची एक जिप्सी उभी होती, मालकाला कनेक्टिंगचं कोटेशन मिळालेलं. बूच काढून लाइट धरला. खूण हलते. पुढच्या रविवारी ती उघडायची आहे. मिलिंगवाल्या मामांना पायरीच्या चावीचं चित्र आधीच देऊन ठेवलंय, माप मात्र तिची खाच मोजल्यावरच देणार.